वळणावरची खडी झाडायला पंधरा मिनिटं लागतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महिन्याभरापूर्वी आपल्या वाचकपत्रांत घाटातल्या दुचाकी अपघातांवर एका वाचकानं लिहिलं होतं. पोरं वारं प्यायल्यासारखी गाड्या मारतात, पडतात आणि मग रस्त्याला नावं ठेवतात, असा त्या पत्राचा सूर होता. ते मी सौ.ला मोठ्यानं वाचून दाखवलं, वर ‘अगदी बरोबर लिहिलंय’ असंही म्हणालो. अठ्ठावीस वर्षं एसटी चालवली, त्यातली निम्मी घाटात. या विषयात आपल्याला कुणी शिकवायला येऊ नये, अशी माझी समजूत होती. मार्गशीर्षातल्या तिसऱ्या गुरुवारी ती समजूत भोरजवळच्या आंबाडखिंड घाटातल्या डांबरावर घासून निघाली. त्या दिवसाची हकीकत लिहितो आहे. पत्र लांबलं तर कात्री लावा, पण खडीचा भाग तेवढा ठेवा.

निमित्त साधं होतं. अकरा वर्षं माझ्या गाडीत ज्यांनी तिकिटं फाडली ते कंडक्टर, म्हणजे आमच्या भाषेत मास्तर, निवृत्तीनंतर महाड तालुक्यात वरंधजवळ आपल्या गावी राहायला गेले. गुडघे गेल्यापासून त्यांना प्रवास होत नाही. ‘एकदा जुन्या रूटनं या की ड्रायव्हर,’ असं दर दिवाळीला फोनवर म्हणायचे. यंदा ठरवलंच. जाताना मेढा, केळघर घाट, महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर. येताना वरंधा घाट, भोर, आंबाडखिंड, मांढरदेव, वाई. एका दिवसात चार घाट, तेही माझ्या २००६ च्या हिरो होंडा स्प्लेंडरवर. मुलगा म्हणाला, ‘अण्णा, कार घेऊन जा.’ सौ. काही बोलली नाही. पिशवीत काळूबाईची ओटी भरून दिली तिनं, खण, नारळ, हळदकुंकू. मांढरदेववरून येणार म्हटल्यावर रिकाम्या हातानं थोडीच सोडणार!

सव्वासहाला साताऱ्यातून निघालो. छातीवर स्वेटरच्या आत वर्तमानपत्राची चौघडी घातली होती (आपलंच होतं). ड्रायव्हरकीतली ही जुनी युक्ती. केबिनच्या फटीतनं येणारं वारं असंच अडवायचो. कण्हेर धरणाच्या पाण्यावर धुकं इतकं बसलं होतं, की पाणी कुठं संपतं आणि शेत कुठं सुरू होतं ते कळेना. मेढ्याच्या स्टँडसमोर चहा घेतला. टपरीवाल्यानं ओळखलं नाही. खाकी उतरली की माणूस कुणाच्या ओळखीचा राहत नाही.

केळघर घाट मी किती वेळा चढलो असेन याचा हिशेब नाही, पण तो मला त्या दिवशी पहिल्यांदा लागला. बसमधनं घाट दिसतो तो समोरच्या काचेएवढा, आणि डोकं सगळं मागं बसलेल्या पन्नास माणसांत. दुचाकीवर घाट अंगाला लागतो. सावलीतलं वळण गार, हेल्मेटच्या आत कान बधिर करणारं. पुढचं वळण पूर्वेला तोंड करून, तिथं ऊन पाठीवर हात ठेवल्यासारखं येतं. मग पुन्हा गार. काळ्या कड्यापाशी, जिथं पावसाळ्यात दरड हटकून रस्त्यावर येते, तिथं कातळातनं अजून पाणी झिरपत होतं. मेढ्याकडं जाणारी एसटी समोरून उतरली. मी वर चढणारा, त्यामुळं वाटेचा हक्क माझा. तरी एवढ्याशा स्प्लेंडरसाठी त्या ड्रायव्हरनं गाडी वळणाच्या अलीकडं थांबवली आणि हात केला. नवा पोरगा होता. बरं वाटलं.

महाबळेश्वराबद्दल फारसं लिहिण्यासारखं नाही. बाजारपेठेच्या अलीकडूनच मोटारींची रांग होती आणि स्ट्रॉबेरीचे ट्रे उन्हाला यायच्या आत दुकानांपुढं लागले होते. मी रांगेच्या कडेकडेनं निघून पोलादपूरचा रस्ता धरला.

आंबेनळीत मात्र त्या दिवशीही मी गाडीवर गप्प होतो. २०१८ च्या जुलैत दापोलीच्या कृषी विद्यापीठातली माणसं सहलीला निघाली होती, त्यांची बस याच घाटात दरीत गेली आणि त्यातला एकच माणूस जिवंत वर आला. तेव्हा मी नोकरीत होतो. त्यानंतर महिनाभर आमच्या डेपोत कुणी घाटात रेडिओसुद्धा लावत नव्हतं. पुढं २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरात एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि हा रस्ता जागोजागी तुटून खाली गेला. आता भिंती बांधून तो पुन्हा उभा केलाय. नव्या भिंतींचा दगड अजून पांढरा आहे, त्यावरून कुठं कुठं तुटला होता ते सहज मोजता येतं. उतारावर मी आमचाच नियम पाळत होतो: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय घासत बसू नका. प्रतापगडाचा फाटा आणि कुंभरोशी मागं टाकून खाली आलो, तर तिसऱ्या का चौथ्या वळणावर एक मोठी निळी मोटारसायकल आडवी पडलेली. दोन पोरं कठड्याला टेकून बसलेली.

त्यातल्या एकाच्या अंगात काळं जर्किन होतं, गुडघ्याला प्लास्टिकच्या ढाली होत्या, हेल्मेट माझ्या गाडीच्या निम्म्या किमतीचं असावं. हातमोजा मात्र फोटो काढायला एका हाताचा काढला होता म्हणे, तो घालायचा राहिला. नेमका तोच तळहात सोलवटला होता. मी बाटलीतल्या पाण्यानं हात धुतला. कातडीत चार खडे रुतले होते, अर्ध्या मसुरीएवढे, काळे, कोनेदार. ओटीच्या पिशवीला सौ.नं सेफ्टीपिन लावली होती, ती काढून त्याच पिनेनं ते एकेक उकरले. पोरगं हूं की चूं करत नव्हतं. मग मी माझं काम सुरू केलं, म्हणजे अक्कल शिकवायचं.

‘काटा किती होता रे?’
‘पस्तीस-चाळीस असेल, काका.’
‘सगळे तेवढाच सांगतात.’
‘खरंच सांगतो काका. वळणावर खडी होती. गाडीला एबीएस आहे, ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही, नाहीतर...’
‘एबीएस ब्रेकला असतं बाळा, अकलेला नसतं.’

त्याचा जोडीदार हसला. तो नाही हसला. मी आणखी पाचेक मिनिटं बोललो. दरीकडं बोट करून २०१८ चं सांगितलं, आईबापांचं सांगितलं, ‘रस्ता तुझ्या बापाचा नाही’ हेसुद्धा म्हणालो. मोडलेला इंडिकेटर माझ्या रुमालानं बांधून दिला आणि पुढं निघालो. पोलादपूरपर्यंत मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

पोलादपूरला चौपदरी महामार्ग लागतो. तिथं माझ्यासारख्यानं डावी कड धरून जीव मुठीत घ्यायचा, एवढंच. राजेवाडी फाट्याला आत वळलो आणि हायसं वाटलं. बिरवाडी ओलांडून साडेअकराच्या सुमारास मास्तरांच्या अंगणात गाडी लावली. ते काठी टेकत ओटीवर आले आणि जुन्या सवयीनं दोनदा टाळी वाजवली. गाडी सोडायची घंटी तुटली होती त्या वर्षी ते तसंच करायचे. जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकट. मार्गशीर्षातला गुरुवार, घरी सौ.चा उपास, घट मांडलेला. सुकट मी खाल्ली. हे वाक्य आपण छापलंत तर आमच्या घरी काय होईल ते होईल.

दोन तास बोललो. कोण गेलं, कुणाचा मुलगा चिकटला, कुणाची पेन्शन अडकली. जवळच्याच तळिये गावावर २०२१ च्या त्याच पावसात डोंगर आला आणि ऐंशीहून जास्त माणसं गाडली गेली. मी विषय काढला, तर मास्तर वहिनींना म्हणाले, ‘ड्रायव्हरना ताक दे.’ मी पुन्हा काढला नाही. सकाळच्या पोराचं मात्र रंगवून सांगितलं. एबीएस आणि अकलेचा माझा विनोदही सांगितला. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘तुम्ही खाली वाकून बघितली का खडी?’

नव्हती बघितली. अकरा वर्षं या माणसानं माझ्या मागं उभं राहून प्रत्येक वळणावर मला पाहिलंय, त्यामुळं त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी ताक प्यायलो.

माझेरी सोडलं की वरंधा घाट सुरू होतो. हा घाट कावळ्या किल्ल्याला मधोमध चिरून वर चढतो. पावसाळ्यात तो बंद ठेवतात ते बरोबरच आहे, पण हिवाळ्यात त्याच्यासारखा घाट नाही. वाघजाईच्या देवळापाशी गाडी लावली. एका हातात भज्यांचा कागद आणि दुसऱ्या हातात चहा घेऊन खाली बघितलं, तर आपण आत्ता कुठून आलो त्या रस्त्याची वेटोळी दिसतात, कुणीतरी सुंभ टाकून दिल्यासारखी. एका माकडानं माझं एक भजं नेलं. टपरीवाली म्हणाली, ‘त्याचं तेवढं असतंच.’

आणि घाटमाथ्यावरून भोरकडं उतरलं, की पुढं हिर्डोशीच्या आसपास नीरा देवघरच्या पाण्याला धरून जो रस्ता जातो, त्याबद्दल मला कुणी विचारलं असतं तर मी दिवसभर बोललो असतो. बसमध्ये हा पट्टा कंटाळवाणा वाटायचा. सारखं स्टीअरिंग फिरवून खांदे भरून यायचे, भोर काही केल्या येत नसे. दुचाकीवर तो संपू नये असं वाटतं. डोंगराची एकेक घडी आत जाते, रस्ता तिच्यासोबत आत जातो, ओढ्यावर छोटा पूल, पुन्हा बाहेर, पुन्हा पाणी. डावीकडं झुकायचं, सरळ व्हायचं, उजवीकडं झुकायचं. तिसरा गिअर, पस्तीसचा काटा, ब्रेकला बोटसुद्धा लावायला लागत नाही. हँडल फिरवावं लागतच नाही. मान जिकडं वळते तिकडं गाडी जाते. बासष्टाव्या वर्षी मी हेल्मेटच्या आत गाणं म्हणत होतो. कुठलं ते सांगत नाही.

भोरमध्ये चार वाजले. खरं तर तिथून शिरवळला निघून महामार्गानं सरळ साताऱ्याला यायचं, पण ओटी होती. आंबाडखिंडीकडं वळलो.

आता नीट सांगतो, कारण या पत्राचा जीव इथं आहे. घाट चढत होतो. डावीकडं वळणारं, पार उलटं फिरणारं वळण. अलीकडंच खड्डे बुजवून डांबराची ठिगळं मारली होती आणि वर बारीक खडी, जिला कामावरची माणसं कच म्हणतात, ती पसरून दिली होती. रोलर फिरला असेल-नसेल. ठिगळात बसली ती बसली, उरलेली तिथंच सोडून कामावरची माणसं पुढच्या खड्ड्याला गेलेली. असल्या वळणावर काय होतं, ते उभं राहून बघितलं की कळतं. चारचाकींची चाकं जातात ते दोन पट्टे स्वच्छ, झाडल्यासारखे काळे. त्या पट्ट्यांच्या मधे खडीची वरंबी, बाहेरच्या कडेला दुसरी, आतल्या कडेला तिसरी. मोटारवाल्याला यातलं काही जाणवत नाही. खडी पत्र्यावर वाजते तेवढंच. दुचाकीवाल्यानं मात्र हातभर रुंदीच्या त्या काळ्या पट्ट्यावरून सर्कशीतल्यासारखं जायचं.

मी जातही होतो. दुसरा गिअर, काटा वीसवर. समोरून पिकअप उतरली आणि वळण रुंद घेत माझ्या अंगावर आली. मी पट्टा सोडून आत सरकलो, दोन हात, जास्त नाही. पुढचं चाक सरकताना आवाज येतो, जात्यात मूठभर दाणे पडावेत तसा. तेवढाच आवाज ऐकू आला. पुढच्या क्षणाला मी डाव्या कुशीवर होतो आणि माझ्या नाकासमोर खडी होती. पिकअप थांबली नाही. तिला बहुधा कळलंही नसेल.

लेग गार्डनं पाय वाचवला. कोपर आणि गुडघा सोलवटला, डावा आरसा गेला. हँडलला अडकवलेली पिशवी खाली आपटली आणि नारळ फुटला. खण ओला, हळद ओली, सगळ्याचा पिवळा लगदा. वरच्या बाजूनं शेळ्यांमागचा एक म्हातारा खाली उतरला. खांद्यावर आकडी, कमरेला कोयता.

‘लागलं का पाव्हणं?’
‘थोडं.’
‘बसा जरा. ह्या वळणाला ह्या आठवड्यात तुमी तिसरं. मंगळवारी नवराबायको पडलं, बाळ होतं संगं.’ मग पिशवीकडं बघून म्हणाला, ‘नारळ तिनं हितंच फोडून घेतला म्हणायचा.’

दगडावर बसलो आणि मास्तरांचं ऐकलं, वाकून खडी बघितली. अर्ध्या मसुरीएवढी, काळी, कोनेदार. सकाळी पिनेनं उकरली होती तीच. निदान तिची सख्खी बहीण.

म्हाताऱ्याकडून कोयता घेऊन निरगुडीच्या दोन डहाळ्या तोडल्या. तो वरच्या अंगाला उभा राहून येणाऱ्या गाड्यांना आकडी दाखवत होता, मी झाडत होतो. मग मी उभा राहिलो, त्यानं झाडलं. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला चालला, अंगण झाडणारा हात होता तो. सगळी खडी बाहेरच्या कठड्याच्या बुडाशी लोटली. दोन-अडीच घमेली निघाली असेल. सुरुवात केली तेव्हा माझ्या घड्याळात पाच वाजून पाच मिनिटं झाली होती, संपवलं तेव्हा पाच वीस. एक म्हातारा, एक जखमी म्हातारा, दोन निरगुडीच्या डहाळ्या, पंधरा मिनिटं.

झाडताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती लिहायला मला लाज वाटते. वळणाच्या आतल्या बाजूला खडीबरोबर लाल मुरूम होता. तो ठेकेदाराचा नव्हे, तो आमचा. एसटीची गाडी अकरा मीटरच्या आसपास लांब, पुढच्या आणि मागच्या चाकांत सुमारे साडेपाच मीटरचं अंतर. आवळ वळणावर पुढची चाकं डांबरावर राहिली तरी मागची आतनं कापतात, साइडपट्टीवर चढतात आणि उतरताना मूठ-दोन मुठी मुरूम डांबरावर ओढून आणतात. प्रत्येक फेरीला थोडा. ट्रकचंही तेच. मला ते आरशात दिसायचं. अठ्ठावीस वर्षं रोज दिसलं, आणि मागून येणाऱ्या स्प्लेंडरवाल्याचं त्यावर काय होईल असा विचार मनात एकदाही आला नाही. गाडीला सहा चाकं असली की एखादं सरकल्याचं बाकीची कळूसुद्धा देत नाहीत. दुचाकीचं पुढचं चाक झुकलेल्या गाडीखालून निघालं की सावरायला दुसरं काही नसतं. तिथं एबीएस असो वा नसो. २०१९ च्या एप्रिलपासून सव्वाशे सीसीच्या वरच्या दुचाक्यांना ते सक्तीचं झालं हे चांगलंच झालं, पण ते ब्रेक दाबल्यावर जागं होतं. पोरानं ब्रेक दाबलाच नसेल. मीही दाबला नव्हता.

वेगानं पडणारी पोरं नाहीत असं मी म्हणत नाही. आहेत, रविवारी रांगेनं दिसतात, आणि त्यांच्याबद्दल पहिल्या पत्रात लिहिलंय ते खरंच आहे. पण प्रत्येक पडलेल्या दुचाकीच्या नावानं ‘भरधाव’ हा शब्द आधीच लिहून ठेवलेला असतो. बातमीत तोच, आमच्या तोंडीही तोच. त्यामुळं खडीकडं कुणी वाकून बघत नाही. पडलेला माणूस खरचटलेला हात झटकून घरी जातो, तक्रार कुठं करत नाही, कारण पहिला प्रश्न ‘काटा किती होता’ हाच येणार हे त्याला माहीत असतं.

रस्त्याची देखभाल ज्यांच्याकडं आहे त्यांच्यापाशी माझं मागणं खर्चाचं नाही. पावसाळा संपल्यावर ठिगळं मारायचं काम देता, त्यातच दोनदा झाडणं धरा. एकदा त्याच दिवशी संध्याकाळी आणि दुसऱ्यांदा आठ दिवसांनी, कारण चाकं फिरली की ठिगळातली आणखी खडी सुटते. सगळा रस्ता झाडू नका, वळणं तेवढी झाडा. तोवर वळणाच्या अलीकडं एक पाटी लावा, ‘पुढे सुटी खडी’. पाटी नसेल तर चुन्यानं कठड्यावर लिहा. आणि जिथं बस-ट्रकची मागची चाकं आत चढतात, ती जागा मुरमावर उमटलेल्या चाकोरीवरून शाळकरी पोरगंही दाखवील, तेवढ्या पाच-सहा मीटर साइडपट्टीला काँक्रीट घाला. मुरूम उघडा राहिलाच नाही, की ओढलाही जाणार नाही.

घाईचं कारण आहे. पौष पौर्णिमेला मांढरदेवची यात्रा भरते. वाईकडून आणि भोरकडून दोन्ही घाटांनी माणसं चढतात, त्यातली कितीतरी दुचाकीवर, एकेका गाडीवर तिघं-चौघं, मांडीवर पोर आणि हातात पाटी-परडी. २५ जानेवारी २००५ ला याच डोंगरावर चेंगराचेंगरीत तीनशेच्या घरात माणसं गेली, तेव्हापासून यात्रेआधी बंदोबस्ताच्या बैठका होतात, पायऱ्या बघतात, पाणी बघतात, वाहनतळ बघतात. त्या यादीत दोन्ही घाटांच्या वळणांवरची खडी घालावी. यात्रेच्या आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी. माणसं तीन-चार दिवस आधीपासूनच चढायला लागतात.

पुढचं थोडक्यात. म्हाताऱ्याला चहाला पैसे देऊ केले, घेतले नाहीत, सुटलेल्या आरशाची काच मात्र मागून घेतली. मांढरदेवला पोचलो तेव्हा उजेड नुसता आकाशात उरला होता. फुटक्या नारळाचीच ओटी वाहिली. पुजाऱ्यानं पिशवीत बघितलं, माझ्या कोपराकडं बघितलं आणि काही विचारलं नाही. वाईचे दिवे दिसायला लागले तसा घाट पहिल्या गिअरमध्ये उतरलो, मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले तरी. पाचवडला महामार्गाला लागलो. घरी आलो तेव्हा सकाळच्या आकड्यात २६८ किलोमीटरची भर पडली होती, आणि पेट्रोल साडेचार लिटरच्या आतच गेलं होतं. सौ.नं दिव्याखाली बसवून चिमट्यानं कोपरातले खडे काढले आणि बशीत टाकले. सात निघाले. प्रत्येक वाजला.

आणि आता त्या पोराला, त्यानं किंवा त्याच्या जोडीदारानं हे वाचलं तर. कुंभरोशीच्या खालच्या वळणावर, काळं जर्किन, निळी गाडी, इंडिकेटरला चौकड्यांचा रुमाल. रुमाल परत करू नकोस. तुझ्या वळणावरची खडी वाकून न बघताच मी तुला बरंच काही बोललो आणि दुपारी जेवताना दुसऱ्यांच्या घरात त्यावर हसलोही. तू पस्तीस-चाळीस म्हणालास, मी मानलं नाही. मी वीसवर होतो.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक, सातारा
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)